मालूवहिनीचा थर्मास

आमच्या शाळेत फोन एकच, हेडबाईंच्या टेबलावर. गेली काही वर्षं तो वाजला की मी फळ्याकडे तोंड करून उभी राहायची, म्हणजे मुलांना माझा चेहरा दिसू नये. मी मुळातच भित्री. झुरळाला भिणारी, विजेला भिणारी, पण या फोनची भीती वेगळी होती. त्या दिवशी सातवीच्या वर्गावर होते. शिपाईबाई दारात येऊन उभी राहिली आणि नुसतं म्हणाली, "बाई, घाटकोपरहून फोन आहे." खडू हातातच राहिला. फोनवर सुधीर होता, माझा नवरा. "मालूवहिनी गेली गं... तू ये," एवढंच तो बोलला. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला काय वाटलं? सुटले, असं वाटलं. आता हा फोन वाजला तर वाजू दे, ज्या बातमीला मी इतकी भीत होते ती येऊन गेली. रिक्षात बसेपर्यंत ते वाटणं टिकलं. मग घाटकोपरचा असल्फ्याचा चढ दिसला, वहिनीच्या चाळीच्या कठड्याशी उभी असलेली माणसं दिसली, आणि मी रिक्षावाल्याला थांबू नको, पुढे घे म्हटलं.

मालूवहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ. सुधीरच्या मोठ्या भावाची, दादांची बायको. मी लग्न होऊन या घरात आले ती नगरकडून, म्हणजे मालवणी माणसांच्या भाषेत घाटावरून. मासे कधी शिजवले नव्हते, खाल्लेही नव्हते. पहिल्याच रविवारी वहिनी मला बाजारात घेऊन गेली आणि कोळणीच्या पाटीसमोर बसवून म्हणाली, "घाटणी, हयसर बघ. मासो तोंडान बोलना नाय, कल्ल्यान बोलता." तिनं बांगड्याचा कल्ला बोटानं उघडून आतला लाल रंग दाखवला. लाल म्हणजे ताजा, काळपट म्हणजे शिळा. बर्फ नसेल तर पाटीपुढे उभंसुद्धा राहायचं नाही. कोळीण कुरकुरली तरी वहिनी कल्ला उघडल्याशिवाय मासा घेत नसे, आणि वर तिच्याशीच हसून गप्पा मारत असे. माझ्यासारख्या घाबरटाला तिनं कधी घाबरट म्हटलं नाही. "तुझ्या वाटणीचा मी बघतंय," म्हणायची, आणि खरोखरच बघायची. माझं पहिलं बाळंतपण, सासूबाईंचं आजारपण, मुलाचा टायफॉईड, सगळ्या ठिकाणी माझ्यापुढे ती उभी असे. पुढे आम्ही कांदिवलीला राहायला गेलो, तरी रविवार असल्फ्यालाच जायचा.

गाठ तिला आंघोळ करताना लागली. तिनं ती बरेच दिवस लपवली आणि मग सांगितली ती मला, भाजी निवडता निवडता. माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. आमच्याकडे त्या आजाराचं नाव कुणी घेत नसे, 'तो आजार' म्हणत. शेजारीण विचारायला आली तर 'छातीत गाठ झालीय जराशी' असं सांगायचं, जराशी या शब्दावर जोर द्यायचा. मी त्या दिवसापासून न्हाणीघरात गेले की स्वतःला चाचपायला लागले. आजही चाचपते. बोटं थांबतात, श्वास थांबतो, मग काही नाही असं पाहून नळ सोडते. ही सवय वहिनीनं मला दिली असं मी म्हणत नाही, पण तिच्या गाठीबरोबर ती आली ती गेलीच नाही.

दादा मूळचे गिरणीतले. संपानंतर गिरणीचं दार पुन्हा उघडलं नाही, मग साकीनाक्याच्या एका छोट्या कारखान्यात लेथ यंत्रावर लागले. बोलणं आधीच कमी, लेथच्या आवाजात तेही गेलं. गाठ काढायची असं कळल्यावर त्यांनी एकच गोष्ट सांगितली, "काढलेला माका दिसाक होया." त्यामागे जुनी गोष्ट होती. सासूबाईंच्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा 'गोळा काढला' असं सांगितलं, पण कुणाला दाखवला नाही. पुढे चार महिन्यांत त्या गेल्या. दादांच्या मनात कायमचं बसलं की काही काढलंच नव्हतं, नुसतं उघडून शिवलं. एरवी आपल्याकडे डॉक्टर स्वतःच बाहेर येऊन ट्रेमध्ये दाखवतात, बघा, हे निघालं. आणि सगळे नातेवाईक मान वाकवून बघतात, काही कळत नसलं तरी. बघितलं म्हणजे संकट बाहेर आलं अशी खात्री पटते. दादांना ती खात्री आईच्या वेळी मिळाली नव्हती.

घाटकोपरच्या ज्या लहानशा नर्सिंग होममध्ये ऑपरेशन ठरलं, तिथले सर्जन तरुण होते, नवं वाचणारे होते. त्यांनी आम्हाला बसवून समजावलं. काही गाठींच्या पेशींमध्ये एक प्रकारची प्रथिनं असतात, बायकांच्या शरीरातलं संप्रेरक त्यांना येऊन चिकटतं. ती प्रथिनं असली तर आजार बहुधा सबुरीनं चालतो, रोजच्या एका गोळीला दादही देतो. नसली तर आजार आडदांड, परत येण्याची भीती जास्त, गोळीचा भरवसा कमी. हे तपासण्याची सोय शहरातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत आहे. मी शाळेत विज्ञानही शिकवते. प्रथिनं म्हटलं की आमच्या पुस्तकात डाळी, अंडी, दूध, मासे, शरीर बांधणारी वगैरे. इथं ती भविष्य सांगणार होती. सर्जन पुढे म्हणाले, "फक्त एक आहे. ही प्रथिनं फार नाजूक असतात. तुकडा बाहेर काढला की उन्हाळ्याच्या हवेत ती मोडायला लागतात. बर्फात घालून ताबडतोब न्यायचा. वाटेत कुठं थांबायचं नाही." वहिनी एवढा वेळ पदराशी चाळा करत होती. ती मान वर करून म्हणाली, "म्हणजे माशासारखाच म्हणा." सर्जन हसले, हो म्हणाले. आम्हीही हसलो. त्या खोलीत त्यानंतर फारसं कुणी हसलं नाही.

थर्मास आणला तो खरं तर वहिनीला इस्पितळात पेज न्यायला. रुंद तोंडाचा, हिरव्या रंगाचा, आतून काचेचा. ऑपरेशनच्या सकाळी सुधीरनं रसवाल्याकडून बर्फ फोडून आणला आणि त्यात भरला. वैशाखाचं ऊन होतं. दादा पहाटे वहिनीच्या खाटेशी येऊन उभे राहिले, तिच्या कपाळाला हात लावला आणि चक्क कामावर निघून गेले. सगळे चकित झाले. मला मात्र कळलं. भित्र्याला भित्रा ओळखू येतो. लेथपाशी उभं राहिलं की हातांना काम असतं, बंद दरवाजासमोर बाकावर बसलं की काही नसतं. जाताना सुधीरला सांगून गेले, "मी येयसर काय एक हलवू नको. माका बघूक होया." आणि धाकट्या भावानं मान डोलावली. आमच्या घरात दादांचा शब्द म्हणजे शब्द. लहानपणी वडील गेल्यावर त्यांनीच सुधीरला शिकवलं होतं, स्वतः सातवीत शाळा सोडून.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मी आत वहिनीपाशी होते, ती भुलीतून बाहेर येताना कण्हत होती आणि मी तिचे ओठ ओल्या कापसानं पुसत होते. बाहेर काय झालं ते सुधीरनं नंतर सांगितलं. सर्जननी गाठीचा तुकडा छोट्या बाटलीत घालून सुधीरच्या हातात दिला, "निघा लगेच" म्हणाले आणि दुसऱ्या ऑपरेशनला आत वळले. सुधीरनं बाटली थर्मासमध्ये ठेवली, झाकण लावलं, फाटकापर्यंत गेला आणि थांबला. कारखान्यात निरोप गेलेला होता, दादा निघालेही होते. आता येतील, आत्ता येतील. चाळीतली माणसं जमलेली, त्यांतही कुणाच्या मनात आलं नाही की जा म्हणावं. घरच्या कर्त्यानं बघायचं असतं, त्याच्याआधी कसं न्यायचं? साकीनाक्याला त्या दिवशी रस्ता खोदलेला, गाड्या अडकलेल्या. दादा शेवटी पायी धावत आले. आल्यावर थर्मास उघडला, बाटली बाहेर काढली. दादांनी ती मुठीत धरली. बोटभर तुकडा बघून "एवढाच?" म्हणाले. मग भिंतीशी टेकून खाली बसले, गावच्या देवाला तोंडातल्या तोंडात गाऱ्हाणं घालायला लागले, आणि बाटली त्यांच्या मुठीतच. गाऱ्हाणं चालू असताना मालवणी माणूस मध्ये बोलत नाही. उघडा थर्मास उन्हात, शेजारी. सुधीर सांगतो, मला घाम फुटला होता पण जीभ उचलली नाही.

सुधीर शेवटी पोचला आणि प्रयोगशाळेतल्या माणसानं थर्मास उघडला, तेव्हा आत पाणी होतं, आणि त्या पाण्यावर बाटली तरंगत होती. काही दिवसांनी सर्जननी आम्हाला बोलावलं. ती प्रथिनं आढळली नाहीत, म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "पण बर्फ वितळलेला होता असं तिकडून कळवलंय. त्यामुळे मुळातच नव्हती, की होती आणि उष्णतेनं गेली, हे सांगता येत नाही." दादा दाराशी उभे होते. त्यांनी विचारलं, "म्हणजे मी थांबवलंय म्हणान?" सर्जन चांगला माणूस, खोटं बोलला नाही. "सांगता येत नाही," एवढंच पुन्हा म्हणाला. त्या दिवसापासून आमच्या घरात ते तीन शब्द राहायला आले. सांगता येत नाही... जेवताना, निजताना, सणावारी, मुलांच्या निकालाच्या दिवशी, ते तिथंच कोपऱ्यात असायचे.

गोळी सुरू केली, देऊन बघू म्हणून. वहिनी रोज सकाळी चहाआधी ती घ्यायची, आणि गिळून झाली की क्षणभर गप्प बसायची. एकदा मी विचारलं, काय झालं गं? म्हणाली, "काय नाय. गोळीक आत कोण दार उघडता काय ऐकतंय." पण स्वतःच्या भीतीची थट्टा करणं तिला जमायचं. ऑपरेशनात एका बाजूची छाती गेली होती, तिथं ब्लाऊजमध्ये घालायला तिनं एक पिशवी शिवली, पण नुसता कापूस हलका पडायचा म्हणून वजनाला त्यात मूठभर उकडे तांदूळ भरले. पावसात भिजून घरी आली की म्हणायची, "आता ह्येचो भात होतलो, कोण जेवतलो तर बसा." आम्ही हसायचो आणि हसता हसता एकमेकींच्या डोळ्यांकडे बघणं टाळायचो. तिला खोकला झाला की माझी झोप उडायची. पाठ दुखते म्हणाली की मी कांदिवलीहून धावत यायची. पाठ पाण्याच्या कळशीनं दुखत असायची, पण आम्हाला पाठ म्हणजे नुसती पाठ राहिली नव्हती.

आणि दादांनी मासे सोडले. कुणाला सांगितलं नाही, शपथ घेतली नाही, माळ घातली नाही. पहिल्या रविवारी "पोटाक झेपना नाय" म्हणाले, आम्ही खरं मानलं. दुसऱ्या रविवारी डाळीची वाटी पुढे ओढली. मालवणी माणूस रविवारी ताटात मासा असताना डाळभात कालवतो, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना त्यातलं गांभीर्य कळणार नाही. वहिनीच्या हातचं बांगड्याचं तिखलं, ते आंबट-तिखट कालवण, म्हणजे चाळीत दोन दारं पलीकडे वास जाऊन माणसं विचारायला यायची, तिरफळं नक्की किती घातलीस म्हणून. आणि ज्याच्यासाठी ती ते शिकली, तो समोर बसून मान खाली घालून डाळ ओरपायचा. मला एकदा म्हणाली, "माझ्या आजाराची माका भीती वाटता ती वाटता. पण ह्यो माणूस रोज थोडो थोडो मरता हा, ता माका बघवना नाय." तिच्या आवाजात राग होता. तो दादांवर नव्हता, त्या वितळलेल्या बर्फावर होता.

मागच्या वर्षी आजार परत आला. मंगळसूत्राचा दोरा गळ्याशी कशाला तरी अडतो म्हणून तिनं हात लावला, तर हाडाच्या वर हरभऱ्याएवढी गाठ. या वेळी तिनं लपवली नाही, त्याच दिवशी मला शाळेत फोन केला. फोन वाजला तेव्हाच मला कळलं होतं असं आता वाटतं. सर्जन तेच. म्हणाले, ही गाठ काढू, आणि पुन्हा तपासायला पाठवू, म्हणजे पुढचं औषध ठरवायला मदत होईल. ती प्रथिनं असली तर अजून गोळ्यांचे मार्ग आहेत. नसली तर... त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. आदल्या संध्याकाळी वहिनी आणि मी चाळीच्या मागच्या पायऱ्यांवर बसलो होतो. ती दादांचा विषय काढून म्हणाली, "ह्या खेपेक 'आसा' असा इला, तर तेंका काय वाटात? पयल्या खेपेकय आसतला, आपल्या मुठीत गेला, असाच मा? मगे ते वाचतले नाय." मी म्हटलं, अगं पण असलं तर तू वाचशील ना. ती माझा हात हातात घेऊन नुसती बसली. देवापाशी दिवा लावताना मी डोळे मिटून 'असू दे, असू दे' म्हणत होते. शेजारी ती हात जोडून उभी होती. एकाच देवापुढे दोन जावा दोन उलट मागण्या घेऊन उभ्या होतो, आणि मला माझ्या जावेच्या मागणीची भीती वाटत होती.

दुसऱ्या वेळी थर्मास दादांनी घेतला. कामावर गेले नाहीत. सकाळपासून ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी उभे, बसा म्हटलं तरी बसेनात. बर्फ एका थर्मासमध्ये आणि वर गोणपाटात गुंडाळून आणखी एक लादी. खाली टॅक्सी थांबवून ठेवलेली. या वेळी मी तिथंच होते. सर्जन बाटली घेऊन बाहेर आले आणि सवयीनं म्हणाले, "बघायचंय का?" दादांनी डोळे गच्च मिटून घेतले, अगदी लहान मुलासारखे, आणि थर्मास पुढे केला. "नको. घाला आत," म्हणाले. बाटली बर्फात रुतल्याचा आवाज आला, झाकण फिरलं, तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि जिना उतरायला लागले. पन्नाशी उलटलेला माणूस, गुडघे दुखणारा. मी वरून बघत होते. थर्मास त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. माझ्या मनात आलं, यात या घरातली एवढी मोठी भीती मावली कशी?

बर्फ जसाच्या तसा पोचला, आणि उत्तर आलं, नाहीत. प्रथिनं नाहीत. सर्जननी आधी मला आणि वहिनीला सांगितलं. मी खुर्चीची कड धरून बसले. वहिनीनं विचारलं, "म्हणजे पयल्या खेपेकय नाय होती?" सर्जन घुटमळले. बहुधा नसावीत, म्हणाले, पण खात्री देता येत नाही. आजार परतताना कधी कधी बदलूनही येतो. बाहेर येताना वहिनी माझा दंड धरून म्हणाली, "तेवढा शेवटचा तेंका सांगू नको." घरी आल्यावर तिनं दादांना समोर बसवलं आणि मलाच बोलायला लावलं, शिकलेली म्हणून. मी सांगितलं, या वेळीही नाहीत. ती लगेच पुढे म्हणाली, "आयकलात? पयल्यापासून नायच होती. तुम्ही रवलात म्हणान काय एक बिघडला नाय." दादा तिच्याकडे बघून म्हणाले, "बरा झाला." आपल्या बायकोच्या मरणाची बातमी आहे ही, आणि हा माणूस बरं झालं म्हणतो, आणि बायकोच्या चेहऱ्यावर हसू... मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

त्या रविवारी तिला ओट्याशी उभं राहवत नव्हतं. स्टुलावर बसून ती सांगत होती आणि मी तिखलं करत होते. हळद एवढी, कोकम आता, तिरफळं ठेचून, ढवळू नको नुसतं हलव. बांगडे दादांनी स्वतः आणले, कल्ले बघून. पान वाढलं. दादांनी पहिला घास घेतला, काटे चोखले, रस्सा ओरपला, आणि पुन्हा वाढ म्हणून ताट पुढे केलं. वहिनी जेवली नाही, तिला जेवण जात नव्हतंच. ती फक्त बघत होती, इतक्या वर्षांत तिला असं निवांत बसलेलं मी पाहिलं नव्हतं. दादा पुढेही दर रविवारी मासे खात राहिले. वहिनी वाळत गेली, औषधांनी केस गेले, शेवटी शेवटी ती हाक मारली तरच डोळे उघडायची, पण रविवारी ताट वाढलं की तिची खाट आम्ही दाराकडे वळवायचो.

तेरावं झालं, माणसं पांगली. गेल्या पंधरवड्यात घरात पुन्हा मासे आले. मी तिच्या पद्धतीनं बांगडे केले, वास बराचसा जमला होता. दादांच्या ताटात वाढायला गेले तर त्यांनी ताटावर हात आडवा धरला. "डाळ वाढ," म्हणाले. मी म्हटलं, दादा, ती गेल्यावर आता हे कशाला? वहिनीनं सांगितलं होतं ना तुम्हाला. ते म्हणाले, "सांगितल्यान. पण थर्मास दिलंय तेव्हाच मी थयसरच्या लॅबवाल्या माणसाक इचारलेलंय. ह्या खेपेक नाय इला तर पयल्या खेपेकय नव्हता असा धरूचा? तो म्हणालो, तसा सांगता येणा नाय काका." भाताचा ढीग बोटांनी सारखा करत ते बसले. "तिका बरा वाटला मा. तेवढ्यासाठी खाल्लंय. घास गिळना नव्हतो. माका भीती एकच होती, तिका माझा नाटक कळात."

हा लेख लिहायचा ठरला तेव्हा मी परत असल्फ्याला गेले. छापून आल्यावर दादा वाचणार, बोट ठेवून ओळ न् ओळ वाचणार, हे मला माहीत होतं. म्हणून वहिनीनं सांगू नको म्हटलेलं मी त्यांना आधी सांगून टाकलं. सर्जननी तिच्यासमोरच सांगितलं होतं दादा, की खात्री देता येत नाही. तिला ठाऊक होतं. तुमच्यासाठी ती बोलली तसं. दादांनी खिडकीकडे बघितलं. खिडकीत तो हिरवा थर्मास उपडा ठेवलेला असतो. त्याचा आता काही उपयोग नाही, पण ते तो रोज सकाळी आतून विसळतात आणि झाकण बाजूला काढून पालथा घालतात. मी एकदा झाकण लावायला गेले तर म्हणाले होते, "रवांदे उघडो, वास धरता." आताही त्याच्या कडेनं पाण्याचे थेंब खालच्या फडक्यावर पडत होते.

"म्हणजे तिकाय म्हायत होता," दादा म्हणाले. मी मान हलवली. त्यांनी हात लांब करून थर्मास जरा सरळ केला, भिंतीला टेकवून ठेवला.

"मगे मी जेवताना ती एवढा काय बघी होती गो?"

खाट अजून दाराकडे तोंड करूनच आहे, ती कुणी फिरवलेली नाही.